कामठी 'मूळची' कोणाची? त्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आला, या महिन्यात चौथ्यांदा. मजकूर थोडक्यात असा की नागपूरजवळचं कामठी हे शेकडो वर्षं जुनं अस्सल मराठी गाव, स्वातंत्र्यानंतर बाहेरचे येऊन वसले म्हणून तिथं मराठी ऐकू येत नाही, लोकसंख्या तर पहिल्यापासून फुगतच चालली, आणि या गावानं दिलं काय तर काहीच नाही. खाली हात जोडलेले तीन इमोजी अन् "जागे व्हा". मी कामठी रोडवर राहतो भाऊ, ट्रकच्या हॉर्ननं तसाही जागाच असतो, म्हणून लिहून राहिलो.

"शेकडो वर्षं जुनं अस्सल गाव"

शहर म्हणून कामठी 1821 ची. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज हरली, त्यानंतर इंग्रजांना नागपूरवर नजर ठेवायला फौज जवळ पाहिजे होती पण शहरात नको होती. मग कन्हान नदीच्या काठी, पेंच अन् कोलार तिला मिळतात त्याच्या थोडं खाली, छावणी टाकली. छावणीच्या 'कॅम्प टी' या इंग्रजी नावाचं कामठी झालं असं सगळेच सांगतात, मला ती गोष्ट जरा जास्तच जमून आलेली वाटते, पण छावणी आधी अन् बाजार मागून एवढं पक्कं. हजारो शिपाई आले की त्यांना धोबी लागतो, शिंपी लागतो, खाटीक, सराफ, दाणेवाला, सगळं लागतं, अन् ही मंडळी कुठून कुठून येऊनच गाव झालं. आलेल्यांनीच वसवलेल्या गावात 'बाहेरचा' शोधायचा म्हणजे कमालच आहे.

अन् मूळचे मोजायचेच असतील तर कामठीवरच काहून थांबता? नागपूर वसवलं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं, 1702 च्या सुमारास. भोसले त्याच्यानंतर आले, तेही पश्चिमेकडूनच. आमचं घराणंही कधीतरी बैलगाडीतच आलं असेल बाप्पा.

"स्वातंत्र्यानंतर बाहेरचे आले"

इथं तर तारखाच उलट्या आहेत. कामठीच्या छावणीत फौज होती मद्रासची. म्हणजे तेलुगू अन् तमिळ बोलणारे लोक कामठीत आले ते दोनशे वर्षांपूर्वी, पलटणीबरोबर, अन् पलटण गेली तरी बरीच कुटुंबं इथंच राहिली. कामठीत मुदलियार, नायडू आडनावाचा माणूस भेटला की लोक त्याला "मद्रासी, नोकरीला आला असेल" म्हणतात, त्याच्या पणजोबाचा जन्म इथला असू शकतो हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. चर्चचं पण तसंच, नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत 1887 मध्ये वेगळा झाला तो विशाखापट्टणमच्या मिशनमधून. इतक्या लांबून कसा काय? फौज ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं पाद्री आले, सरळ आहे.

मोमीन विणकर उत्तरेतून आले ते 1857 च्या धामधुमीनंतर. हातमाग घेऊन आले, सूत अन् कापड हेच त्यांचं पोट. म्हणजे देश स्वतंत्र व्हायच्या जवळपास नव्वद वर्षं आधी. नव्वद वर्षांत चार पिढ्या होतात अन् फॉरवर्डवाले त्यांना 'काल आलेले' म्हणून राहिले.

"मराठी ऐकू येत नाही"

येते की, जाऊन बसा एकदा भाजीबाजारात. बाकी हिंदी म्हणाल तर ती सगळ्या नागपुरातच आहे, कारण आपण 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आधी मध्य प्रांतात अन् मग मध्य प्रदेशात होतो, कचेरी दोन भाषांत चालायची. पुण्याच्या पाहुण्यांना आपलं "करून राहिलो" पण हिंदीच वाटते, मग आपणही बाहेरचेच का?

"लोकसंख्या पहिल्यापासून फुगतच चालली"

हा मुद्दा मला सगळ्यात मजेशीर वाटला, कारण खरी गोष्ट बरोबर उलटी. 1881 च्या जनगणनेत कामठी 51 हजारांच्या आसपास, अन् नागपूर शहर लाखाच्या थोडं आत. म्हणजे आज ज्याला आपण 'नागपूरच्या बाजूचं' म्हणतो ते तेव्हा नागपूरच्या निम्मं होतं! पुढं 1901 मध्ये कामठी उतरून 38,888 वर आली, नागपूर 1,27,734 वर गेलं. वीस वर्षांत बारा हजार माणूस कमी. झालं काय तर रेल्वे आली अन् कामठीचा व्यापार नागपूरकडं वळला, नागपुरात 1877 ला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली होती, अन् वरून छावणीतली फौज घटवली. ज्या फौजेसाठी बाजार बसला तीच कमी झाली तर बाजार उठणारच. इतकं होऊनही जे टिकले त्यांच्यात विणकर होते, विडी वळणारे होते, फॉरवर्ड ज्यांना हिशोबातच धरत नाही ते सगळे होते.

"या गावानं दिलं काय"

ड्रॅगन पॅलेसचं बौद्ध मंदिर दाखवायला तुम्हीच पाहुण्यांना कामठीला नेता, ते जाऊ द्या, ते 1999 चं. बाबू हरदास एल. एन. कामठीचे, जन्म 1904. विडी कामगारांची संघटना बांधली, 1937 मध्ये प्रांताच्या विधिमंडळावर निवडून गेले अन् 1939 मध्ये वारले, अवघे पस्तीस वर्षांचे. 'जय भीम' हा नमस्कार त्यांनी रुजवला. फॉरवर्ड टाकणारे काका दर 14 ऑक्टोबरला दीक्षाभूमीचा फोटो टाकून खाली तेच दोन शब्द लिहितात, मी आजच स्क्रोल करून पाहिलं.