अल्झायमर, ‘मेंदूची सूज’ आणि हळद-मिरी: एका दाव्याची तपासणी

“अल्झायमर म्हणजे मेंदूला आलेली सूज. ती आणतात आपल्याच प्रतिकारपेशी. त्यांना शांत ठेवा: रोज हळद-मिरी घ्या, मिरीने असर वीसपट होतो, जमल्यास सूज उतरवणारी गोळी घ्या, स्मृतिभ्रंश होणार नाही.” अशा आशयाचा मजकूर घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत असतो. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो चटकन पटतो.

“प्रतिकारपेशी मेंदूवर हल्ला करतात.” इथे ज्यांच्याबद्दल बोललं जातं त्या मायक्रोग्लिया बाहेरून घुसलेल्या नसतात. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत पीतक कोशात (गर्भाला जोडलेल्या पिशवीत) त्यांचे पूर्वज तयार होतात आणि मेंदूत येऊन कायमचे वस्तीला राहतात. त्यांच्या वाढीला आणि जगण्याला सीएसएफ१आर या रिसेप्टरमधून (पेशीवरच्या, संदेश पकडणाऱ्या प्रथिनातून) सतत संदेश मिळावा लागतो. त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या बाळांत मायक्रोग्लिया जवळजवळ नसतातच आणि मेंदूची रचनाच सदोष राहते. एकच प्रत बिघडली, तरी ऐन मध्यमवयात मेंदूचा पांढरा भाग झिजून स्मृतिभ्रंश होऊ शकतो. मायक्रोग्लिया नुकसान करतच नाहीत असं नाही. अल्झायमरच्या उंदरांत सी१क्यू आणि सी३ या कॉम्प्लिमेंट प्रथिनांच्या (प्रतिकारयंत्रणेतल्या, ‘हे गिळा’ अशी खूण करणाऱ्या प्रथिनांच्या) खुणेवरून त्या चेतापेशींमधले जोड गिळतात, हे २०१६ साली दिसलं. दाव्यातलं तथ्य एवढंच.

“त्यांना शांत केलं की आजार टळतो.” मुख्य चूक इथे आहे. मायक्रोग्लियाच्या पृष्ठभागावर ट्रेम२ नावाचा रिसेप्टर असतो. मरणाऱ्या पेशींतले मेदपदार्थ, अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमिलॉइड प्रथिन, मेद वाहून नेणारं एपीओई प्रथिन यांना तो ओळखतो. पण त्याचं पेशीच्या आतलं टोक इतकं आखूड आहे की संदेश पुढे न्यायला शेजारचं डॅप१२ हे प्रथिन लागतं. ट्रेम२ला काही चिकटलं की डॅप१२मधल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसतो, तिथे सिक हे एन्झाइम येऊन जोडलं जातं, आणि पुढे पीआय३-किनेज व पीएलसी-गॅमा-२ ही एन्झाइम्स कामाला लागतात. मग पेशी सरकते, कचरा गिळते आणि तग धरते.

हा संदेश क्षीण झाला तर काय होतं, याचं उत्तर माणसांच्या जनुकांतच मिळालं. २०१३ साली दोन संशोधनगटांनी दाखवलं की ट्रेम२मध्ये ४७व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन आलं, तर अल्झायमरचा धोका साधारण दोन ते चार पट होतो. या बदलाने रिसेप्टरची पकड सैल होते. ट्रेम२ किंवा डॅप१२ पूर्ण निकामी झालं तर नासू-हाकोला हा दुर्मीळ आजार होतो: हाडांत पोकळ्या, वारंवार फ्रॅक्चर आणि तरुण वयातच स्मृतिभ्रंश. हाडांवर परिणाम होतो, कारण हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशीही हीच जोडी वापरतात. उलट पीएलसी-गॅमा-२ला किंचित अधिक सक्रिय करणारा एक दुर्मीळ बदल अल्झायमरचा धोका कमी करतो. ट्रेम२ काढून टाकलेल्या उंदरांत मायक्रोग्लिया प्लाकभोवती (अमिलॉइडच्या साठ्याभोवती) नीट कडं करत नाहीत, आणि लगतचे चेतातंतू जास्त खराब होतात.

म्हणून ‘शांत करा’ हा सल्ला धोक्याचा आहे. पण ‘चेतवा’ हाही सोपा उपाय नाही. ट्रेम२ला चालना देणारं एएल००२ हे प्रतिपिंड सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये तपासलं गेलं. २०२४ साली निकाल आला, आजाराची गती मंदावली नव्हती.

“सूज उतरवणारी गोळी घ्या.” हे करून झालं आहे. अडॅप्ट चाचणीत सत्तरी ओलांडलेल्या सुमारे अडीच हजार लोकांना नेप्रोक्सेन, सेलेकॉक्सिब या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांपैकी एक किंवा तुलनेसाठी औषध नसलेली गोळी दिली होती. डिसेंबर २००४मध्ये हृदयाच्या धोक्याच्या चिंतेने गोळ्या थांबवल्या. स्मृतिभ्रंश टळल्याचं दिसलं नाही. पुढे दोन वर्षं नेप्रोक्सेन देऊन झालेल्या चाचणीतही, २०१९च्या निकालात, फायदा नव्हता. वयस्कर माणसाने या गोळ्या मनाने रोज घेतल्या तर जठरातून रक्तस्राव आणि मूत्रपिंडाला इजा हे खरे धोके आहेत.

“हळद-मिरीने वीसपट असर.” हळदीतला ज्याचा गवगवा होतो तो घटक, कुर्क्युमिन, हळदीत साधारण ३ टक्के. म्हणजे ३ ग्रॅमच्या चमचाभर हळदीत ९० मिलिग्रॅम. अल्झायमरच्या रुग्णांना २४ आठवडे रोज २ किंवा ४ ग्रॅम कुर्क्युमिन देऊनही स्मृतीत फरक पडला नाही. रक्तात ते अत्यल्प सापडलं. चाचणी ३६ जणांचीच होती, पण डोस स्वयंपाकातल्या हळदीच्या कितीतरी पट होता. ‘वीसपट’ हा आकडा १९९८च्या बंगळुरूच्या अभ्यासातला. त्यात २ ग्रॅम कुर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरिन (मिरीतला तिखट घटक) दिलं होतं, आणि वीसपट वाढ रक्तात पोचलेल्या कुर्क्युमिनची होती, असराची नव्हे. नुसत्या कुर्क्युमिनची रक्तातली पातळी मुळातच जवळपास शून्य होती, म्हणून गुणोत्तर एवढं मोठं दिसतं. बशीतल्या पेशींवरचे चांगले निकालही जपून वाचावेत: कुर्क्युमिन स्वतः चकाकतं, अस्थिर असतं आणि अनेक प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे चाचणीच फसते. शिवाय मायक्रोग्लिया मेंदूबाहेर काढल्या की काही तासांतच त्यांची जनुकीय ओळख पुसट होऊ लागते.

भाजीत हळद खुशाल घाला. पिपरिनयुक्त कॅप्सूल मात्र वेगळी गोष्ट आहे: पिपरिन फेनिटॉइन या फिटांवरच्या औषधासारख्या औषधांची रक्तातली पातळी वाढवतं, आणि हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. घरातलं कुणी विसरायला लागलं असेल, तर आधी बी१२ आणि थायरॉइड तपासा, ऐकू नीट येतं का पाहा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. यातली काही कारणं उपचाराने सुधारतात.