सँपलचे पैसे

गेल्या रविवारी कोल्हापुरात, ज्या पेठेत मी जन्मलो तिच्यापासून हाकेच्या अंतरावर, एका माणसानं मला 'पावणं' म्हटलं. वर 'पुण्याचं' असंही ठरवून टाकलं. आज गुरुवार. अजून पचलेलं नाही. मिसळ पचली, हे नाही पचलं.

निमित्त पुतण्याच्या मुलीच्या बारशाचं. पहाटे पाचला पुणं सोडलं, २३० किलोमीटरला पाच तास लागले (साताऱ्याच्या पुढं रस्त्याचं काम चालू आहे, ते चालूच असतं), बायकोला आणि चिरंजीवांना भावाच्या दारात उतरवलं आणि "गाडी लावून आलोच" म्हणून मी मिसळ खायला सटकलो. पाळणा साडेअकराला होता. म्हणजे हातात सव्वा तास. तेवढ्यात कोल्हापुरात मिसळ खाऊन होते, कोल्हापूरचा माणूस मात्र आटोपत नाही, हे मी १८ वर्षांत विसरलो होतो.

मिसळ आली, ब्रेडच्या स्लाइस आल्या. चार घासांत रस्सा संपला. मी पोऱ्याला जवळ बोलावलं आणि आवाज होईल तेवढा मऊ करून विचारलं, "जरा सँपल मिळेल का? आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का?"

या वाक्यात गैर काय आहे, हे मला आजही कुणी समजावून सांगावं. पण पोऱ्या जागच्या जागी थांबला. गल्ल्यावरच्या मालकांनी चष्मा कपाळावर चढवला.

मिसळीच्या पातळ रश्शाला पुण्यात सँपल म्हणतात. कोल्हापुरात तोच कट. नागपूरकर पोह्यांवर ओततात ती तर्री. पातेल्यातलं तेच तांबडं पाणी, पण नुसतं मागितलंत की तुम्ही कुठल्या जिल्ह्याचं पाणी प्यायलेले आहात ते समोरच्याला कळतं. आधार कार्ड दाखवायची गरज उरत नाही.

माझ्या समोरच्या बाकावर एक पैलवान बसले होते. वय पासष्टीच्या आसपास, पांढरा नेहरू शर्ट, दोन्ही कान मोडून त्यांची भजी झालेली. असे कान दिसले की खासबागेच्या मातीत हा माणूस किती वेळा कुणाच्या मांडीखाली गेला आणि किती जणांना त्यानं घेतलं, ते विचारायचं नसतं. नमस्कार करायचा असतो. मी केला नाही. मी मोबाइल बघत होतो.

"सँपल?" पैलवान म्हणाले.

"म्हणजे रस्सा. कट."

"मग कट म्हणा की. सँपल दवाखान्यात देत्यात. सकाळचं, उपाशीपोटी."

हॉटेल हसलं. पोऱ्याही हसला, आणि त्याचं हसू मला जास्त लागलं.

"आन पैसं कशाचं इचारायलायसा?"

"काही ठिकाणी एक्स्ट्राचे वेगळे घेतात ना, म्हणून."

"कुठं?"

इथं मी सांगली म्हणायला हवं होतं. सांगलीवर काहीही खपतं. पण सकाळपासून चहा नव्हता. मी "पुण्यात" म्हणालो.

"व्हय तर," पैलवान म्हणाले, आणि मागं वळून सगळ्या हॉटेलला, कुणीतरी गेल्याची बातमी द्यावी तशा आवाजात सांगितलं, "पावणं पुण्याचं हाईत."

"मी पुण्याचा नाही हो. शिवाजी पेठेतला आहे."

"कवापास्नं?"

"जन्मापासून."

"आन कवापत्तूर?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बारावीपर्यंत, असं खरं उत्तर आहे. पण ते असल्या ठिकाणी द्यायचं नसतं.

पैलवानांनी मग थेट परीक्षाच घेतली. "पाटाकडील का शिवाजी?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. कोल्हापुरात फुटबॉल चालतो. चालतो म्हणजे पेठापेठांत दुश्मनी चालते. पाटाकडील तालीम मंगळवार पेठेची, शिवाजी तरुण मंडळ शिवाजी पेठेचं. सामना असला की दोन्हीकडच्या गल्ल्या ओस पडतात. शिवाजी पेठेत जन्मलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे आई कोण ते विचारण्यासारखं आहे. उत्तर अर्ध्या सेकंदात यायला पाहिजे. मी लहानपणापासून वाचनालयात बसणारा मुलगा. आणि त्यात १८ वर्षं पुण्यातल्या सोसायटीच्या मीटिंगांना बसून माझं एक फार मोठं नुकसान झालं आहे: मला दोन्ही बाजू दिसतात.

"दोन्ही टीम चांगल्याच खेळतात," मी म्हणालो.

पैलवानांनी हातातला ब्रेड खाली ठेवला. थोडा वेळ माझ्याकडे नुसते बघत राहिले. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"वडलांचं नाव काय?"

मी सांगितलं.

"मास्तर? सायकलवालं? टोपी तिरकी घालायचं त्ये?" आणि पैलवान एकदम उठून उभेच राहिले. "आरं मला चौथीत दोनदा बसवलं त्यांनी! देवमाणूस! मास्तरांचं पोरगं हाईस व्हय तू? आयला, मग आधी सांगायचं न्हाई व्हय लगा? ये पोरा, कट आण. बादलीच आण. आन पैसं न्हाईत म्हणून सांग पावण्याला."

म्हणजे वडील कळले, गल्ली कळली, 'तुमी'चं 'तू' झालं, पण 'पावणं' काही सुटलं नाही. या क्षणापर्यंत माझा फक्त अपमान चालला होता. इथून पुढं प्रेम सुरू झालं.

अपमानाचं एक बरं असतं, तो कुठंतरी संपतो. पुण्यात दुकानदार तुम्हाला "नाही" म्हणतो, तुम्ही घरी येता, चहा पिता. (दुकानं दुपारी बंद असण्यावरून पुण्याला लोक इतकं बोलतात. गोव्यात दुपारी तशीच दुकानं बंद असतात, तर तेच लोक डोळे मिटून 'सुशेगाद' म्हणतात आणि पुढच्या वर्षीचं बुकिंग करतात. हा निव्वळ पक्षपात आहे. आमच्या वाण्यालाही समुद्र असता तर तोही सुशेगाद झाला असता.) कोल्हापुरी जिव्हाळ्याला असा शटर नाही. पोऱ्यानं कट ओतला. मी "बास" म्हणालो. त्यानं परत ओतला. तिथं पहिलं 'नको' रीत म्हणून धरतात, दुसरं लाज म्हणून, आणि तिसऱ्याला सरळ वाढतात. चौथ्या वाटीनंतर मला घाम फुटला, तर पैलवान म्हणाले, "बघा, आता तोंडावर तेज आलं."

मग चौकशी. नोकरी कुठं, पगार किती, हातात किती येतो, फ्लॅट कितीला घेतला, हप्ता किती राहिला. पोरं किती? एकच? का? या 'का'ला मी काय उत्तर देणार होतो? शेजारच्या बाकावरचे दोघे अनोळखी लोकही उत्तरासाठी थांबले होते. पुण्यात आमच्या मजल्यावरच्या माणसाला मी १२ वर्षं ओळखतो. तो काय करतो मला ठाऊक नाही. त्याला माझं एकच ठाऊक आहे, की मी गाडी रेषेबाहेर लावतो.

इथं मला जरा गंभीर व्हायचं आहे, मिसळ थांबली तरी चालेल. ही चौकशी मास्तरांच्या पोरापुरती गोड असते. आमच्या ऑफिसातला एक जण मध्यंतरी बदलीवर कोल्हापूरला गेला. खोली शोधायला लागला. तीन घरांत गेला, तिन्ही घरांत बसा म्हणाले, चहा झाला, भडंग झालं, एका घरात तर "जेवूनच जावा" असा आग्रह झाला. आणि मग तो साधासुधा प्रश्न: "आडनाव काय म्हणालासा?" तिन्ही ठिकाणी उत्तर एकच, "घरात विचारून कळवतो." कुणी कळवलं नाही. त्याआधी पुण्यात त्याला दारातच, जाळीच्या आडून, "मांसाहारी चालत नाही" असं सांगून पाण्याचा थेंबही न देता वाटेला लावलं होतं. म्हणजे दोन्ही गावांतून तो खोलीशिवाय परतला. फक्त कोल्हापुरातून चहा पिऊन परतला. 'तिकडचे लोक किती मायाळू' असं कुणी म्हणालं की मला हा माणूस आठवतो. तो स्वतः मात्र अजून म्हणतो, भडंग फार छान होतं.

असो. बिल.

मी खिशात हात घातला तेवढ्यात पैलवानांनी माझं मनगट धरलं. पासष्टीच्या माणसाच्या बोटांत इतका जोर असू शकतो हे मला माहीत नव्हतं. "शिवायचं न्हाई," ते म्हणाले. मी म्हणालो, "असं कसं, तुम्ही वडीलधारे." ते म्हणाले, "मास्तरांचं मीठ हाय." मी म्हणालो, "निदान निम्मं निम्मं तरी." हॉटेलात पुन्हा शांतता. आणि तेव्हा माझ्या तोंडातून, १८ वर्षांच्या सवयीनं, ते वाक्य गेलं: "बरं, नंबर द्या, मी तुम्हाला जीपे करतो."

मालकांनी चष्मा कपाळावरून काढून टेबलावरच ठेवला.

पैलवान काहीच बोलले नाहीत. त्यांनी खिशातून साधा बटणांचा फोन काढला, माझा नंबर विचारला, एक एक आकडा मोठ्यानं म्हणत लावून घेतला, आणि मग गल्ल्यावर दोनशेची नोट ठेवून मला म्हणाले, "चल, बस मागं. सोडतो." माझी गाडी पन्नास पावलांवर होती. हे मी तीनदा सांगितलं. तिसऱ्या नकाराचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

त्यांच्या स्कूटरवरून माझ्या भावाच्या घराला सात मिनिटं लागायला हवीत. आम्हाला पन्नास लागली. तालीम बघितली. पानाच्या टपरीवर थांबलो. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला "मास्तरांचं पोरगं, पुण्याला असतंय" अशी ओळख करून दिली गेली आणि 'पुण्याला असतंय'वर प्रत्येकानं "आसूं दे" अशा अर्थाची मान हलवली. मुंबईच्या लोकलमध्ये तीन जणांच्या बाकड्यावर चौथा येतो, नुसतं मांडीला बोट लावतो, तिघं सरकतात, चौथा निम्मा हवेत बसतो आणि कल्याणपर्यंत कुणी कुणाचं नाव विचारत नाही. त्या क्षणी मला त्या चौथ्या सीटची इतकी ओढ लागली!

पोचलो तेव्हा 'कुर्रर्र' होऊन गेलं होतं. घुगऱ्यासुद्धा वाटून झाल्या होत्या. दारात वहिनी. मला वाटलं आता माझी पूजा. पण तिचं लक्ष माझ्या मागं. "पैलवान! या की, या की, बसा!" आणि मग मला, "भावजी, कुठं व्हतासा? मी वाट बघून बघून दमलो की." कोल्हापूरच्या बायका स्वतःला 'मी आलो, मी दमलो' असंच म्हणतात. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी आलेल्या माझ्या पुणेकर बायकोनं आतल्या खोलीतून माझ्या आईचं "थांब, मी आलो" ऐकून घाईघाईनं पदर सावरला होता. तिला वाटलं मामंजी आले. ती बायको आता कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत होती, आणि काही बोलत नव्हती. पुण्याचा राग बोलत नाही. पाटी लावल्यासारखा दिसतो.

पैलवान जेवले. भावाच्या शेजारी मांडी घालून, तीन वेळा पांढरा रस्सा घेऊन जेवले. पाळण्यातल्या मुलीच्या हातात शंभराची नोट कोंबली. मला मुलीचं नाव अजून कुणी सांगितलं नव्हतं. ते मला पैलवानांकडून कळलं.

सोमवारी पुण्यात. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेलो. अंगात अजून कोल्हापूर असावं. मी म्हणालो, "काय दादा, कसं काय?" ते म्हणाले, "काय हवंय?" खरं सांगतो, मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. दुधाची पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरलो तर मजल्यावरचे ते १२ वर्षांचे शेजारी. फोनवर भावाशी बोलत होतो. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "तुम्ही मूळचे तिकडचे का? नाही, आवाजावरून वाटलं."

म्हणजे तिथं मी पुण्याचा. इथं आवाजाचा.

आज सकाळी सव्वासहाला फोन वाजला. अनोळखी नंबर.

"काय पावणं, उठलासा का? आरं, शनिवारी पुण्याला यायलोय. गुडघा दाखवायचाय डाक्टरला. तुज्याकडंच उतरतो. दोन दिवस."

मी अर्धवट झोपेत. बायको शेजारी जागी झालेली, एका भुवईनं 'कोण?' विचारत होती. मी गडबडीनं म्हणालो, "या की, या. पण इकडं तिखट तुमच्याइतकं नसतं हां."

"त्याची काळजी करू नगंस," पैलवान म्हणाले. "कट मी किटलीतनं घेऊन येतो. तुमच्याकडं त्याचं पैसं पडत्यात न्हवं?"