'६० वर्षांपूर्वीची गाणी फुकट' या माझ्याच मेसेजबद्दल

रविवारी मी ग्रुपवर टाकलं होतं: "६० वर्षं झाली की गाणं सगळ्यांचं. बिनधास्त डाउनलोड करा, शेअर करा." ते आता तीन ग्रुप फिरून माझ्याकडेच परत आलंय, वर 'वकिलांचा सल्ला' अशी ओळ चिकटवून. वकिलाचा काही संबंध नाही. चूक माझी आहे.

मी ६० हा आकडा ऐकीव धरला होता. काल १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडून वाचला. कलम २७ प्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६० ची तबकडी ३१ डिसेंबर २०२० ला मोकळी झाली. इथवर मेसेज बरोबर.

पण तबकडीवर शब्द आणि चालही असते, आणि त्यांचे हक्क वेगळे. कलम २२ नुसार ते कवी-संगीतकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात. गीतकार गदिमा (ग. दि. माडगूळकर) १९७७ साली गेले, त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित. संगीतकार बाबूजी (सुधीर फडके) २००२ साली गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०६२ पर्यंत. त्यामुळे दोघांचं १९६० चं गाणं तबकडी जुनी झाली म्हणून फुकट होत नाही. नाटककार गो. ब. देवलांची नाट्यपदं मात्र शब्दांपुरती कधीच मोकळी आहेत. ते १९१६ साली वारले.

जुना मेसेज मी डिलीट केलाय. तुम्ही पुढे पाठवला असेल तर तिथे हा टाका, आणि तो आता थांबवा.