सिमेंटच्या दरजा: पुण्यात आणि वेल्समध्ये

पावसाळ्याआधी पुण्यातल्या पेठांमधल्या वाड्यांना धोकादायक म्हणून नोटिसा लागल्या की वाद ठरलेला. एक म्हणतो, वारसा जपा. दुसरा म्हणतो, आधी त्यात राहून दाखवा. मग कुणीतरी हटकून ब्रिटनचा दाखला देतं: तिकडे पाचशे वर्षांची शेतघरं उभी आहेत, कारण तिथे कायदा आहे. वेल्समध्ये राहून पाहिलं, तर हा दाखला निम्माच खरा आहे.

कार्डिफजवळ सेंट फॅगन्सच्या खुल्या संग्रहालयात ‘किलेवेन्ट’ नावाचं शेतघर आहे. मध्य वेल्समधल्या क्लायरवेन खोऱ्यातून सोडवून आणून इथे पुन्हा उभं केलेलं. मूळ घर १४७० च्या सुमाराचं, आजचं रूप १७३४ चं. अशा घराला वेल्शमध्ये ‘टी हीर’, म्हणजे लांब घर म्हणतात. एकाच छपराखाली वरच्या अंगाला माणसं, खालच्या अंगाला गुरं आणि मधून आडवा बोळ. गुरांना वैरण त्या बोळातूनच घालायची. असं घर शक्यतो उताराच्या दिशेने लांब बांधत आणि गोठा खाली ठेवत, म्हणजे मूत माणसांकडे येत नाही. ज्यांचा गोठा पडवीला लागून असतो, त्यांना हे वेगळं समजावायला नको.

या जुन्या दगडी घरांच्या भिंती बहुधा ६० ते ९० सेंटीमीटर जाड असतात, पण भरीव नव्हेत. आत-बाहेर दगडाचे दोन थर, पोटात माती नि दगडांचा चुरा. पाऊस आत जाणारच. गेलेलं पाणी दगडांमधल्या चुन्याच्या मऊ दरजांतून, म्हणजे सांध्यांतून, वाऱ्यावर सुकून जातं. विसाव्या शतकात गवंड्यांनी हवं तिथे सिमेंट भरलं आणि ही वाट बुजली. सिमेंटला केसाएवढ्या भेगा पडतात, त्यांतून पाणी आत शिरतं, पण बाहेर पडायला जागा उरत नाही. थंडीत ते गोठलं की दगडाची पापडी सुटते. भिंतीत रोवलेलं ओकच्या तुळईचं टोक मात्र आतल्या आत कुजत राहतं. तुळई मधोमध ठणठणीत आणि टोकाला भुसा, हे तुळई खचेपर्यंत कुणाला दिसत नाही.

दुरुस्ती सोपी आहे, पण सावकाशीची. सिमेंट छिन्नी-हातोडीनेच काढायचं; ग्राइंडर दगडाच्या कडा खातो. दरज जेवढी रुंद त्याच्या दुप्पट खोल, निदान २५ मिलिमीटर, मोकळी करायची. धुवायची, ओली ठेवायची, मग १ भाग चुना आणि ३ भाग टोकदार कणांची वाळू दाबून भरायची. वर ओलं गोणपाट. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घट्ट होतो, म्हणून घाई चालत नाही, आणि पारा ५ अंशांखाली गेला तर काम बंद. आधी भिंतीभोवती साचलेली माती घरातल्या जमिनीच्या पातळीखाली उतरवायची. नाहीतर सगळा चुना वाया. भिंत सुकायला ढोबळ हिशोब महिन्याला २५ मिलिमीटर: ६० सेंटीमीटरच्या भिंतीला दोन वर्षं. ठेकेदाराला हे सांगितलं की त्याचा चेहरा पडतो.

आता कायदा. वेल्समध्ये सुमारे ३०,००० इमारती संरक्षित यादीत आहेत. परवानगीशिवाय त्यांच्या स्वरूपात बदल करणं हा फौजदारी गुन्हा आहे. पण कायदा गवंडी देत नाही, पैसेही देत नाही. उलट, नवं घर बांधलं तर व्हॅट शून्य आणि जुन्याची दुरुस्ती केली तर साधारण २० टक्के. संरक्षित घरांच्या मंजूर फेरबदलांना असलेली सवलतही २०१२ मध्ये काढून घेतली गेली. जपणाऱ्यालाच दंड, ही तऱ्हा वेल्सचीही आहे.

म्हणून आपल्याकडचा वाद चुकीच्या जागी अडकलाय असं वाटतं. एफएसआय (जागेच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण) आणि भाडेकरू हे प्रश्न खरेच आहेत, पण पांढऱ्या मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा कुणी आणि का चढवला, हे कुणी विचारत नाही. पुण्यात बर्फ नाही, पण चार महिन्यांचा पाऊस तेच काम करतो: गिलावा फुगतो, मागची माती लोण्यासारखी होते आणि सागवानी खांबाचं बूड कुजतं. मग ‘वाडा जुना झाला’ असा शेरा बसतो.

२०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, म्हणून चुना मळायच्या घाण्याची चर्चा पुन्हा सुरू झाली, हे चांगलंच. पण घाण्यावरचा चुना वाड्याच्या भिंतीपर्यंतही यायला हवा. नोटीस चिकटवायच्या आधी तुळईच्या टोकात पेचकस खुपसून पाहावा. तो बोटभर आत गेला, तर तेवढंच टोक कापून नवं लाकूड जोडता येतं. वेल्समधले सुतार हेच करतात.