टोटल लॉस झालेल्या गाडीचा फुल विमा काढायचाय? अवश्य काढा!

जुनी गाडी घ्यायचीच असेल ना भाऊ, तर एकदा मरून आलेलीच घ्या. मी घेतली. २०१४ सालची डिझेल स्विफ्ट, पांढरी, आतून अशी चकाचक की चपला बाहेर काढून बसावं वाटे. २०२२ मध्ये, तुरीचे पैसे हातात आले तेव्हा. आज ती आमच्या अंगणात उभी आहे, बोनट दुमडलेलं, रेडिएटर फुटलेला, आणि टपावर बायकोनं मुगवड्या वाळत टाकल्या आहेत. तेवढा तरी उपयोग. काहून उभी आहे ते सांगतोच, पण आधी सल्ले. अनुभवाचे आहेत, फुकट देऊन राहिलो.

गाडी पाहायला गेले की आधी टायरला लाथ मारा. हॉर्न वाजवा. एसी लावून "थंड येते बावा" म्हणा. मग बोनट उघडून दोन मिनिटं गंभीर तोंड करून आत पाहा, जसं काही सगळं कळूनच राहिलं. पण चुकूनही डिक्कीतलं कार्पेट उचलून खाली वेल्डिंग आहे का पाहू नका, काचांवर छापलेली सालं एकमेकींशी जुळतात का पाहू नका, सीटबेल्ट पूर्ण ओढून शेवटाला चिखल आहे का तर अजिबातच पाहू नका. विकणाऱ्याला वाईट वाटते. चहा पाजलेला असते त्यानं.

सरकारच्या वाहन पोर्टलवर नंबर टाकायचा. आरसी ॲक्टिव्ह, विमा चालू, बोजा नाही. माझ्या गाडीचं एवढंच दिसलं. ती आधी एकदा टोटल लॉस होऊन गेली होती हे कुठंच दिसलं नाही, म्हणून मी त्या रात्री लय छान झोपलो.

आता टोटल लॉस म्हणजे काय ते घ्या समजून. लोकांना वाटते गाडीचा चुराडा झाला म्हणजे टोटल लॉस. तसं नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की कंपनीच्या लेखी गाडी मेली. म्हणजे गाडी जेवढी जुनी, आयडीव्ही तेवढी कमी, आणि मरण तेवढं स्वस्त. समोरून ठोकली, दोन एअरबॅग उघडल्या, डॅशबोर्ड गेला, की शोरूमचं एस्टिमेट पाहूनच तिला देवाज्ञा होते. इंजिन बिचारं चालूच असते. मग कंपनी मालकाला पैसे देते, सांगाडा लिलावात जातो, कोणी तरी उचलते, कुठल्या तरी गॅरेजमध्ये कापून-जोडून, डेंटिंग-पेंटिंग करून उभी करते, आणि दोन-तीन हात फिरून ती आपल्यासारख्या शहाण्याच्या अंगणात येते.

विमा काढायचा तो ओळखीच्याच एजंटकडून. आमचा तर नात्यातला, गावचाच जावई. शिव्या द्यायचीही सोय नाही.

फॉर्म तुम्ही भरू नका, त्यालाच भरू द्या, फोनवर. तुम्ही वावरात फवारणी करून राहिले असता, फोन येते, "मामा, ओटीपी आला असंन, सांगा बरं लवकर." सांगायचा. तो सहा आकडी ओटीपी म्हणजे तुमची सही असते बरं का, आणि त्या सहीच्या वर काय काय लिहिलं आहे ते तुम्हाला क्लेमच्या दिवशी वाचायला मिळते. सस्पेन्स टिकून राहते.

आयडीव्ही परस्पर संमतीनं ठरवा. पाच वर्षांवरच्या गाडीला तसाच नियम आहे. कंपनी परस्पर ठरवते, आपण संमती देतो.

हप्ता वेळेवर भरा.

हा सल्ला एका ओळीचा असला तरी लय महत्त्वाचा आहे कारण मी भरला, चार वेळा भरला. तीन वर्षं एक रुपयाचा क्लेम नाही म्हणून ३५ टक्के एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सूटसुद्धा मिळाली, कंपनीचा मेसेज आला की तुम्ही जबाबदार ड्रायव्हर आहात. जबाबदार! मागच्या महिन्यात दारव्ह्याहून रात्री घरी येऊन राहिलो होतो, स्पीड पन्नासच्या आतच, तुरीतून रोही, म्हणजे नीलगाय, निघाला आणि सरळ बोनटवर. रोही उठून गेला. गाडी राहिली. मी म्हटलं ठीक आहे, फुल विमा आहे, यासाठीच तर काढला. सर्व्हेअर आला, फोटो काढले, चेसी नंबर घेतला, चहा घेतला, गेला. अठरा दिवसांनी मेल. गाडी २०१८ मध्ये टोटल लॉस झालेली आहे, ही महत्त्वाची माहिती प्रस्तावकानं लपवली, सबब क्लेम नामंजूर. आता प्रस्तावक म्हणजे मी. मी काय लपवलं? जे मला माहीतच नव्हतं ते? आणि २०१८ चा तो क्लेम कोणत्या कंपनीनं दिला होता माहीत आहे का? ह्याच! ह्याच कंपनीनं तेव्हा तिला मेली म्हणून पैसे दिले, ह्यांनीच सांगाडा लिलावात दिला, त्याचे पैसे खिशात घातले, मग चार वर्षांनी ह्यांनीच त्याच चेसी नंबरवर फुल विमा दिला. चार वेळा हप्ता घेताना कम्प्युटरला चेसी नंबर ओळखू आला नाही, आणि क्लेम आला की अठरा दिवसांत सगळी कुंडली! हप्ता घेताना गाडी जिती आणि पैसे द्यायच्या वेळी मेली, असं कसं चालते बे?

कस्टमर केअरला फोन करा. म्युझिक चांगलं आहे.

आणि हो, थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, मात्र ते आताही द्यायला तयार आहेत. १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. घ्यावीच लागते, नाही तर पहिल्याच वेळी दोन हजाराचा दंड, आणि कोणाला लागलं तर वावर विकावं लागंन. म्हणजे गाडी दुसऱ्याला उडवण्याइतकी जिती आहे, फक्त माझ्या बोनटपुरती मेली आहे.

बस झाले सल्ले. आता सरळ बोलतो.

अरे कंपनीवाल्यांनो, गाडी मेली तर मेली म्हणा ना! मोटार वाहन कायद्यात कलम ५५ आहे, गाडी कायमची निकामी झाली तर मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, नोंदणी रद्द व्हायची. ती रद्द झाल्याची पावती हातात आल्याशिवाय सांगाडा विकू नका. आणि दुरुस्त होण्यासारखी असंन तर तसंच आरसीवर ठळक छापा, म्हणजे माझ्यासारखा माणूस अर्ध्या किमतीत घेईन किंवा घेणारच नाही. तुमच्याकडं माहिती आहे, तुम्ही ती दाबून ठेवता आणि लपवल्याचा शिक्का माझ्यावर मारता. लाजा वाटू द्या.

जावईबुवा, तुम्हीही ऐका. "मागं टोटल लॉस झाला का" या प्रश्नासमोर तुम्ही मला न विचारता "नाही" ठोकलं आहे, मी छापील कागद काढून पाहिला. विचारलं असतं तर मी "माहीत नाही" म्हटलं असतं, आणि तेच खरं होतं.

आणि माझ्यासकट आपण सगळे. साठ रुपये किलोचे वांगे घेताना दहा वेळा दाबून पाहतो, आणि अडीच लाखाची गाडी घेताना "आधीचा मोठा क्लेम असल्यास मी जबाबदार" एवढी एक ओळ विकणाऱ्याकडून लिहून घेता येत नाही? मला नाही आली.

विमा लोकपालाकडं तक्रार करायची आहे. त्याच्या आधी कंपनीला लेखी द्यावं लागते, उत्तरासाठी महिना थांबावं लागते, तो कागद लिहून झाला आहे. उद्या यवतमाळला वकिलाला दाखवायला नेतो. सकाळी सातच्या एसटीनं.