फॅमिकॉम या जुन्या गेम मशीनच्या एव्ही कामाबद्दलच्या (टीव्हीच्या एव्ही सॉकेटला जोडता येईल असं करण्याच्या) दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. तुमची तक्रार थोडक्यात अशी: २८०० रुपये देऊनही चित्रात उभ्या रेघा दिसतात, गेम लहानपणीपेक्षा जोरात पळतो म्हणजे आम्ही आतली चिप बदलली, आणि बॉडी पिवळीच राहिली. इतरही लोक हे वाचणार, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी चिपचं, कारण तो सरळ चोरीचा आरोप आहे. चिप तीच आहे. तुमच्या भावाने जपानहून आणला तो निन्टेंडोचा अस्सल फॅमिकॉम, १९८३ साली तिकडे बाजारात आलेला. तुम्ही-आम्ही लहानपणी खेळलो ते त्याच्या नकलेचे डबे. कॅसेटही त्याच ६० पिनांच्या, म्हणून तर तुमच्या जुन्या कॅसेट यावर चालल्या. पण ते डबे बहुतेक आपल्या पाल टीव्हीसाठी बनवलेले असायचे (पाल ही आपल्याकडची टीव्ही चित्राची पद्धत, एनटीएससी जपानची). पालमध्ये सेकंदाला ५० चित्रं, जपानच्या एनटीएससीमध्ये ६०. मारिओचं धावणं आणि गाण्याचा ठेका दोन्ही या चित्रांच्या मोजणीवर बांधलेले असतात, त्यामुळे अस्सल मशीनवर सगळं साधारण २० टक्के जलद चालतं. नीट कान देऊन ऐका, सूर जवळजवळ तेच लागतात, फक्त लय चढलेली आहे. खरी लय हीच. आपण इतकी वर्षं विलंबितात खेळत होतो!

आता रेघा. मशीन आमच्याकडे आलं तेव्हा तुमच्या टीव्हीवर चित्रच येत नव्हतं, आणि येणारही नव्हतं. या मूळ फॅमिकॉमचं चित्र फक्त अँटेनाच्या वायरीने बाहेर पडतं, तेही जपानच्या चॅनल १ किंवा २ वर, म्हणजे ९० ते १०२ मेगाहर्ट्झमध्ये. आपल्याकडे त्या पट्ट्यात एफएम रेडिओ वाजतो. म्हणून पीपीयू या चित्राच्या चिपच्या २१ नंबरच्या पायावरून सिग्नल घ्यायचा, ट्रान्झिस्टरने त्याला जोर द्यायचा आणि एव्हीवर काढायचा. ‘वीस रुपयांच्या ट्रान्झिस्टरचे हजारो रुपये’ असं तुम्ही लिहिलंय. ट्रान्झिस्टर स्वस्त आहे, मान्य. पण मूळ बोर्डवर त्या पायापासून निघणारी तांब्याची पट्टी डिजिटल सिग्नलच्या पट्ट्यांना खेटून जाते. त्यांची गडबड चित्रात शिरते आणि एकसलग रंगावर, म्हणजे मारिओच्या निळ्या आभाळात, फिकट उभ्या रेघा दिसतात. आम्ही तो पाय बोर्डवरून उचलून मोकळा केला, शिल्डेड वायरने थेट जोडला, चिपच्या सप्लायवर कपॅसिटर लावला. इतका जुना पाय उचलताना मुळाशी तुटला तर चिप गेली. पैसे त्या हाताचे आहेत.

त्याने रेघा पुसट होतात, पूर्ण जात नाहीत. मशीन नेताना दुकानातल्या टीव्हीवर हे तुम्हाला दाखवलं होतं. पूर्ण घालवायच्या तर आरजीबी बोर्ड हवा, म्हणजे लाल, हिरवा, निळा रंग वेगवेगळे बाहेर देणारा. ही चिप रंग वेगळे बाहेर देतच नाही, त्यामुळे चाळीसच्या चाळीस पाय सोडवून चिप काढायची आणि परदेशातून मागवलेला बोर्ड मध्ये बसवायचा. तुम्ही ‘एवढं नको’ म्हणालात, मलाही ते पटलं होतं. तूर्त टीव्हीचा शार्पनेस शून्यावर आणून बघा. शार्पनेस चढवलेला असला की या रेघा फार उठून दिसतात.

बिलात नवा अॅडॉप्टरही धरलेला आहे. जुन्यावर १०० व्होल्ट स्पष्ट छापलंय आणि तो आपल्या २३० च्या प्लगला लावून झाला होता. उघडताच जळका वास आला. पुढे कधी दुसरा घेतलात तर एवढं बघा की फॅमिकॉमच्या पिनला आतली बाजू निगेटिव्ह लागते. बाजारात सहज मिळतात ते बहुतेक उलटे असतात.

पेरॉक्साइड लावून बॉडी उन्हात पांढरी करण्याचं काम आम्ही घेत नाही. चट्टे पडतात, आणि पिवळेपणा बऱ्याचदा परत येतो. एक स्टार त्याचा कापला असेल तर कापा.

बॉडीला एकही नवं भोक पाडलेलं नाही; एव्हीचं सॉकेट अँटेनाच्याच भोकात बसवलंय. काढलेले सगळे भाग खोक्यात थर्मोकोलखाली छोट्या पाकिटात आहेत, ते टाकू नका. आणि चिपबद्दल अजून शंका असेल तर रविवार सोडून कधीही मशीन घेऊन या. तुमच्यासमोर तळाचे स्क्रू काढतो, चित्राच्या चिपवर तिचा मूळ नंबर आरपी२सी०२ छापलेला स्वतः वाचा. त्याचे पैसे घेणार नाही.