लाइपझिगमधील एक मतमोजणी आणि पाच टक्क्यांची रेघ

२३ फेब्रुवारी २०२५ रोजी संध्याकाळी सहा वाजता मी लाइपझिगमधील आमच्या घराजवळच्या शाळेत मतमोजणी पाहायला गेलो. मला या देशात मताधिकार नाही. पण जर्मनीत मतमोजणी कायद्यानेच सार्वजनिक असते, आणि कामात अडथळा न आणता उभे राहणाऱ्या कोणालाही, मग तो परदेशी का असेना, ती पाहता येते. मतपेटी म्हणजे झाकणाचा, चाकांचा एक राखाडी डबा होता. आपल्या सोसायट्यांत कचऱ्यासाठी ठेवतात अगदी तसा. तो टेबलावर पालथा केला गेला आणि सात-आठ जणांनी पत्रिकांच्या घड्या उलगडायला घेतल्या. डावीकडे काळ्या अक्षरांत मतदारसंघातील उमेदवार, उजवीकडे निळ्या अक्षरांत पक्षांच्या याद्या, आणि प्रत्येक मतदाराची दोन मते. एका पत्रिकेवर फुली दोन वर्तुळांच्या बरोबर मधोमध आली होती. तिच्यावर एक निवृत्त बाई आणि एक विद्यार्थी यांच्यात चांगली पाच मिनिटे चर्चा झाली, मग सगळ्यांनी हात वर करून ती बाद ठरवली. ही माणसे स्वयंसेवक असतात, देशभरात लाखोंनी, आणि त्यांना मिळणाऱ्या किरकोळ मानधनाचे अधिकृत नावच मुळी ‘अल्पोपहाराचे पैसे’ असे आहे.

हे सारे हाताने चालते, यामागे एक निकाल आहे. २००५ च्या निवडणुकीत काही ठिकाणी मतदानयंत्रे वापरली गेली होती. कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २००९ मध्ये तो वापर घटनाबाह्य ठरवला. यंत्रांत घोटाळा झाल्याचे कोणी सिद्ध केले नव्हते; निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला कोणत्याही विशेष ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत, एवढेच न्यायालयाचे म्हणणे होते. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी मतदानयंत्रांवर शंका घेऊन मतपत्रिकांवर स्वतःच मतदान घेऊन पाहायचे ठरवले आणि प्रशासनाने ते होऊ दिले नाही, तेव्हा मला हा निकाल आठवला होता. मारकडवाडीची शंका खरी होती की खोटी, हा वेगळा प्रश्न. शंका फेडून घेण्याची सोय असणे महत्त्वाचे आहे.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. उदारमतवादी लोकशाहीवर संकट आले आहे, असे आपण म्हणतो तेव्हा लोक उदासीन झाले, मतदान घटले, यंत्रणेवरचा विश्वास उडाला, अशी कारणे ठरल्यासारखी दिली जातात. जर्मनीत यांतले पहिले कारण तर सरळच खोटे ठरले. मतदान ८२.५ टक्के झाले, म्हणजे एकीकरणानंतरचे सर्वाधिक, आणि त्याच निवडणुकीत एएफडी या अतिउजव्या पक्षाला २०.८ टक्के मते मिळाली. मी राहतो त्या सॅक्सनी राज्यात ३७ टक्क्यांहून अधिक. घरी बसणारे लोक बाहेर पडले आणि त्यांतील पुष्कळांनी एएफडीला मत दिले. या निकालाला रोगाचे लक्षण म्हणून हातावेगळे करणाऱ्यांशी मी सहमत नाही. या पक्षाचे राजकारण मला धोकादायक वाटते, आणि माझ्यासारख्या स्थलांतरिताला ते वाटणारच. पण ती मते प्रामाणिकपणे मोजलेली आहेत, आणि कारभाराविषयी काही सांगणारी आहेत.

तो कारभार कसा होता? नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने सरकारची ६० अब्ज युरोंची तरतूद रद्द केली, तिन्ही सत्ताधारी पक्ष वर्षभर पैशांवरून भांडत राहिले, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी चॅन्सेलर शोल्त्स यांनी अर्थमंत्री लिंडनर यांना काढून टाकले आणि आघाडी मोडली. निवडणुकीनंतर चॅन्सेलर झालेल्या फ्रीडरिश मेर्त्स यांच्या पक्षाने प्रचारात सरकारी कर्जावरील घटनात्मक मर्यादेला हात लावणार नाही असे सांगितले होते. निकालानंतर महिन्याभरातच, १८ मार्चला, ती मर्यादा सैल करण्यात आली, आणि तीही मावळत्या संसदेकडून, कारण नव्या संसदेत दोन तृतीयांश बहुमत जमणे अवघड होते. युक्रेनची परिस्थिती पाहता पैसा हवा होता, हे मला मान्य आहे, आणि कायद्यानेही त्यात काही वावगे नव्हते. पण नुकतेच मत दिलेल्या माणसाला आपली फसवणूक झाली असे वाटले, तर त्याला काय उत्तर द्यायचे?

एएफडीशी कोणतेही सहकार्य करायचे नाही, या संकेताला इथे ‘आग अडवणारी भिंत’ म्हणतात. निवडणुकीआधी, २९ जानेवारीला, मेर्त्स यांनी स्थलांतरविषयक ठराव एएफडीच्या मतांच्या आधारे मंजूर करून घेतला तेव्हा लाखो लोक रस्त्यावर आले. ती भिंत टिकावी असे मलाही वाटते. मात्र तिची किंमत अशी, की मधल्या पक्षांना दर वेळी एकमेकांशीच संसार करावा लागतो, आणि बदल हवा असलेल्या मतदाराला खरा विरोधक भिंतीपलीकडचाच दिसू लागतो.

सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र फार बारीक आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. झारा वागेनक्नेख्त यांच्या बीएसडब्ल्यू पक्षाला ४.९८ टक्के मते पडली. संसदेत येण्यासाठी सहसा पाच टक्के लागतात. साधारण साडेनऊ हजार मते कमी पडली. तो पक्ष आत आला असता, तर ६३० पैकी ३२८ जागांवर उभ्या असलेल्या मेर्त्स यांच्या आघाडीचे बहुमतच गेले असते. पक्षाने फेरमोजणी मागितली, आणि जर्मन घटनेनुसार निवडणुकीवरील हरकत आधी तपासते ती संसदच, म्हणजे त्याच निकालाने निवडून आलेले सदस्य. न्यायालयाचे दार त्यानंतर उघडते. मला या पक्षाची भूमिका मुळीच पटत नाही, रशियाविषयीची तर नाहीच. तरीही फेरमोजणी व्हायला हवी असे माझे मत आहे, कारण शाळेतील त्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कोणाचीही खुर्ची त्या मधोमध फुली असलेल्या पत्रिकेवर अवलंबून नव्हती.